कोंबडी केव्हा येते?

नगमाचा फोन आला तेव्हा खुशालराव गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग उठून उगाच तुरीवरून हात फिरवला आणि नसलेले दोन खडे काढले.

"काय झालं?" साधनाताईंनी विचारलं.

"काही नाही. रविवारी वाचनालयात सिनेमा दाखवून राहिले. मले बोलायले बोलावलं."

"मंग जा ना. तुमाले तं बोलायले आवडते."

"त्या कादंबरीवरचा सिनेमा हाय."

"कोनत्या?"

खुशालरावांनी तोंडानं काही न सांगता खालच्या बैठकीच्या दिशेनं बोट दाखवलं. साधनाताईंना कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग हसू येऊ नये म्हणून पदर तोंडाला लावला.

खुशालराव मूळचे भातकुलीकडच्या शेतकरी घरातले. अकोल्याच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बैठकीतल्या कपाटात, काचेमागे, अगदी मधोमध पहिल्या महायुद्धावरची एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उभी होती. "माणसानं आयुष्यात एकदा तरी वाचावी अशी एकच कादंबरी आहे," असं ते दर वर्षीच्या निरोप समारंभात सांगत. बत्तीस निरोप समारंभांत त्यांनी तिची महती सांगितली होती. हॉलिवूडनं तिच्यावर फार पूर्वी एक काळापांढरा सिनेमा काढला, तो जगभर गाजला, हेही ते सांगत. एकच गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. त्यांनी कादंबरीची फक्त तीस पानं वाचली होती.

त्या तीस पानांत पाऊस होता, चिखल होता आणि लांबलचक नावांचे पुष्कळ सैनिक होते. मग सहामाहीचे पेपर तपासायला आले आणि एकतिसाव्या पानावर खुणेला ठेवलेलं एस.टी.चं तिकीट तिथंच राहिलं. दर दिवाळीला पुस्तक पुसताना साधनाताई ते तिकीट पाहत आणि जागच्या जागी ठेवत.

"अजून चार दिवस हायेत," त्या म्हणाल्या. "बसा अन् वाचून काढा."

खुशालराव पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले. तासाभरात नऊ वेळा उठले. कधी पाणी प्यायला, कधी चष्मा पुसायला, कधी दाराशी कोणी आलंय का पाहायला. गुरुवारी चार पानं झाली. शुक्रवारी सात झाली, पण शनिवारी सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवेना. शेवटी त्यांनी मोबाइलवर शोधून पाहिलं. तिथं दोन ओळी मिळाल्या: ही कादंबरी युद्धाची निरर्थकता दाखवते, आणि सिनेमाही तीच दाखवतो. खुशालरावांनी 'युद्धाची निरर्थकता' हे शब्द पाठ केले. तेवढ्यानं दहा मिनिटं निघाली असती. पण नगमानं फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि तीच त्यांना बसू देत नव्हती.

"आमचे बशीरचच्चाही येणार आहेत, सर. एकोणऐंशी साली टॉकीजमध्ये हाच सिनेमा त्यांनी स्वतः चालवला होता. तुम्ही कादंबरीवर बोला, ते सिनेमावर बोलतील."

नगमा अमरावतीच्या कॉलेजात शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी अकोल्यात वाचनालयाचं सिनेमंडळ चालवायची. तिचे चुलते बशीरभाई अकोल्याच्या एका बंद पडलेल्या टॉकीजचे ऑपरेटर. म्हणजे सगळी कथा माहीत असलेला माणूस खुशालरावांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसणार होता.

शनिवारी संध्याकाळी खुशालराव बशीरभाईंच्या घरी गेले. सहज आल्यासारखं दाखवून त्यांच्याकडून कथा काढून घ्यायची, असा बेत होता. बशीरभाई सत्तरीच्या पुढचे, मेंदीनं लाल केलेल्या दाढीचे. त्यांनी सरांना पाहिलं आणि ते जरा दचकले असं खुशालरावांना वाटलं. हलीमाबींनी चहा आणि खारी आणून ठेवली.

"बशीरभाई, तुमच्या तं डोळ्यापुढं असंन सगळा सिनेमा," खुशालरावांनी सुरुवात केली.

"असंन काय, हायच. एक हप्ता, रोज तीन शो. एकवीस वेळा चालवला मी."

"मंग तो शेवटचा सीन..."

"काय सीन हाय, सर!"

"नाही का?"

"लाजवाब."

खुशालराव खुर्ची पुढं ओढून बसले. मग म्हणाले, "पन शेवटी तो जे करते, ते बरोबर का चूक? तुमाले काय वाटते?"

बशीरभाईंनी खारी चहात बुडवली. ती इतका वेळ बुडवून ठेवली की अर्धी तुटून तळाशी गेली. "आता ते तं लिहिनाऱ्याचं मन," ते म्हणाले. "पुस्तकात कसं लिहेल हाय?"

"पुस्तकात... तसंच हाय."

"मंग तसंच हाय," बशीरभाई घाईनं म्हणाले आणि चमच्यानं खारी शोधू लागले.

"एकवीस वेळा चालवला म्हनते," हलीमाबी दारातून म्हणाल्या, "पन मले एक दिवस स्टोरी नाई सांगितली यायनं."

खुशालराव गेले होते त्याहून जास्त अस्वस्थ होऊन घरी परतले.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला. ऐंशी-नव्वद माणसं होती, साधनाताईही आल्या होत्या. पहिल्याच रांगेत पौर्णिमा बसलेली दिसली. खुशालरावांची जुनी विद्यार्थिनी, आता बँकेत अधिकारी. सरांच्या निरोपाच्या भाषणामुळं तिनं पहिल्या पगारातून तीच कादंबरी विकत घेतली होती, असं तिनं वाकून नमस्कार करताना सांगितलं. खुशालराव घाईनं माइककडं वळले.

ते दहा मिनिटं बोलले. युद्धाची निरर्थकता चार वेळा आली. बशीरभाई टॉकीजबद्दल बोलले. मशिनमधल्या कार्बनच्या कांड्या कशा जळत, उन्हाळ्यात केबिनमध्ये भट्टी कशी व्हायची, हे त्यांनी इतकं छान सांगितलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमाबद्दल मात्र ते एवढंच म्हणाले, "पिच्चर आता तुमीच पाहा."

सिनेमाचा पेन ड्राइव्ह नगमाच्या अमरावतीच्या विपुल नावाच्या शौकीन मित्रानं पाठवला होता. आधी पडद्यावर नुसता निळा उजेड आला. वायर काढली, लावली, पुन्हा काढली. चित्र उमटलं तेव्हा सुरुवातीची नावं निघून गेली होती आणि सैनिक चिखलातून चालत होते. चिखल पाहून खुशालरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या तीस पानांत चिखलच होता.

मग पडद्यावरचा एक सैनिक बोलला. दुसऱ्यानं उत्तर दिलं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

"सर," पौर्णिमेनं विचारलं, "ही कोणती इंग्रजी आहे?"

खुशालरावांनी कान टवकारले. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला एक शब्द कळेना. सगळा हॉल त्यांच्याकडं पाहत होता.

"फौजी इंग्रजी आहे," ते म्हणाले. "खंदकातली. आता बोलत नाहीत."

नगमा वाकून त्यांच्या कानाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. "सर, डब केलेली कॉपी दिसते. खाली अक्षरंही नाहीत. एवढी माणसं बोलावली, पोहे सांगितलेत, आता बंद कसं करू? तुम्ही कादंबरी वाचली आहे, चच्चांनी एकवीस वेळा सिनेमा चालवला आहे. आवाज बारीक करते. तुम्ही दोघं सांगत जाल का?"

नाही म्हणायला काही कारण सापडायच्या आत खुशालरावांच्या हातात माइक आला. शेजारच्या खुर्चीवर बशीरभाई येऊन बसले. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"हा लंबू दिसतो तो सार्जंट," खुशालराव म्हणाले. "वरून कडक, आतून प्रेमळ." आणि त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बशीरभाईंकडं पाहिलं. आता हा माणूस म्हणणार, सर, तो सार्जंट नव्हे.

"बरोबर," बशीरभाई म्हणाले. "सर म्हनते तसंच हाय."

खुशालरावांना धीर आला. त्यांनी दुसऱ्या एका सैनिकाला घरी म्हातारी आई दिली, तिसऱ्याला कर्ज दिलं. बशीरभाईंनी प्रत्येकाला मान हलवली. मग आपणही काही सांगावं म्हणून माइक ओढून म्हणाले, "आता पाहा. आता गोळा पडते."

लोक श्वास रोखून पाहू लागले. पडद्यावरच्या सैनिकानं वाटी काढली आणि तो रस्सा प्यायला लागला. पिऊन झाला. त्यानं वाटी पुसली.

"गोळा कुठं पडला?" मागून कोणीतरी विचारलं.

"मनात पडला," खुशालराव म्हणाले. "त्याच्या मनात. दिग्दर्शकाचं कौशल्य आहे ते."

"वा!" पौर्णिमा म्हणाली.

गाडी रुळावर आली. सैनिक खोदत होते, तर खुशालरावांनी तो खंदक केला. एक पोरगी दुरून त्यांच्याकडं पाहत होती, तर बशीरभाईंनी तिचं लग्न ठरवलं आणि मोडलं. दोन बायकांनी डोळे पुसले. खुशालराव खुर्चीत रेलून बसले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"सर, कोंबडी कवा येते?"

एक म्हातारा उभा होता. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो मोठा काळा चष्मा.

"कोणती कोंबडी?" असं खुशालरावांच्या ओठांवर आलं होतं. पण हा माणूस इतक्या खात्रीनं विचारत होता की कोंबडी असणारच. त्यांनी बशीरभाईंकडं पाहिलं. बशीरभाई त्यांच्याचकडं पाहत होते.

"येते," बशीरभाई म्हणाले. "इंटरवलनंतर."

म्हातारा समाधानानं खाली बसला. "कोंबडी हाय म्हनते पुढं," असं हॉलभर कुजबुजत पसरलं.

इंटरवलला पोह्यांच्या रांगेकडं न जाता दोघं जिन्याखालच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहिले.

"सर," बशीरभाईंनी हळूच विचारलं, "पुस्तकात कोंबडी हाय का हो?"

"मले काय इचारता? एकवीस वेळा तुमी पाहेला!"

"पाहेला कुठं? चालवला!" बशीरभाई म्हणाले. "रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येते. तो दिसला की दुसरी मशिन सुरू कराव लागते. ठिपका चुकला तं पडदा पांढरा आन पब्लिक शिट्ट्या मारते. तीस वर्सं मी ठिपका पाहेला, सर. पिच्चर कोन पाहाते? तुमी हाय म्हून मी बिनधास्त होतो. तुमी तं वाचेल हाय."

खुशालराव टाकीच्या तोटीकडं पाहू लागले. ती थेंब थेंब गळत होती. त्यांनी ती घट्ट केली. तरी गळत राहिली.

"तीस पानं," ते म्हणाले.

"किती पानाचं हाय?"

"चारशे साठ."

बशीरभाईंची दाढी हलायला लागली. हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. "मंग सर, एवढं पब्लिक आत्तापर्यंत काय पाहून राहिलं?"

"हळू बोला."

"सांगून टाकू का? माफी मागू."

खुशालरावांनी जिन्याच्या फटीतून पाहिलं. पौर्णिमा हातात पोह्यांची प्लेट घेऊन कोणाला तरी सांगत होती, "आमचे सर म्हणजे..." पुढचं ऐकू आलं नाही. "एका तासाचा प्रश्न हाय, बशीरभाई," ते म्हणाले. "निभून जाईन."

"आन कोंबडी?"

"पाहू."

दुसऱ्या भागात सिनेमात एक खेचर आलं. कोंबडी काही येईना. आता हॉलमधल्या कोणाचंच सैनिकांकडं लक्ष नव्हतं. दार उघडलं की सगळे सावरून बसत. एक सैनिक खांद्यावर पोतं घेऊन आला तेव्हा एक बाई ओरडल्याच, "त्यात हाय! हालून राहिलं पाहा!" खुशालराव माइकवर म्हणाले, "असू शकते." पोत्यातून कांदे निघाले. लोकांनी हळहळून उसासा टाकला.

"कोंबडी मागच्या खंदकात हाय," बशीरभाईंनी जाहीर केलं. त्यानं दहा मिनिटं निभावली. मग एक सैनिक मागं गेला आणि खेचराला चारा घालून परत आला.

खुशालरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते खुर्चीवर कधी या बाजूला कलत, कधी त्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलत नव्हता. अखेर सैनिक खेचर घेऊन एका लांब सरळ रस्त्यानं निघाला, लहान होत गेला आणि पडदा काळा झाला. दिवे लागले. कोणी उठलं नाही.

"आन कोंबडीचं काय झालं?" त्याच बाईंनी विचारलं.

नव्वद माणसांचे डोळे खुशालरावांवर होते. ते माइक धरून उभे राहिले.

"कोंबडी दाखवली नाही," ते म्हणाले. "आपण सगळे वाट पाहत राहिलो, आणि ती आली नाही. हीच तर, मित्रहो, युद्धाची निरर्थकता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पौर्णिमा उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिसऱ्या रांगेतला म्हातारा तेवढा वाजवत नव्हता. त्यानं काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि दोघांकडं एकदा नीट पाहून तो लेकीचा हात धरून निघून गेला.

लोक गेल्यावर नगमा मोबाइल हातात धरून आली. ती विपुलशी बोलून आली होती.

"सर... चच्चा..." ती मोबाइलकडं पाहत म्हणाली. "ही ती फिल्मच नव्हती. विपुलनं घाईत दुसराच पेन ड्राइव्ह दिला. ही कुठलीतरी इटलीची आहे. आणि युद्धाचीही नाही म्हणे. भूकंपानंतर रस्ता बांधायला पाठवलेल्या सैनिकांची आहे."

बशीरभाई छताच्या पंख्याकडं पाहू लागले. खुशालरावांनी माइकची वायर गुंडाळायला घेतली.

"पण तुम्ही तर वाचली आहे," नगमा म्हणाली. "आणि तुम्ही, चच्चा, एकवीस वेळा..." बोलता बोलता तिला सगळं कळलं.

"पोहे छान होते," साधनाताई म्हणाल्या. "चला आता घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाई दारात हजर झाले. त्यांनाही घरी करमत नव्हतं. दोघं ओट्यावर बसून, कोणाला सांगावं, कोणाला सांगू नये, याचा खल करत होते तेवढ्यात फाटक वाजलं. काळा चष्मा आत आला. खुशालराव अर्धे उठले, पण मागं जायला वाट नव्हती.

"मी नत्थुजी. हिवरखेडचा," म्हातारा म्हणाला. "डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पोरीकडं आलो. काल कोंबडीचं इचारलं, तो मीच."

"वळखलं," दोघं एकदमच म्हणाले.

साधनाताईंनी खुर्ची दिली. नत्थुजी सावकाश बसले. "सर, कालचा पिच्चर तो नव्हता."

"मंग तुमी तवा काहून नाई बोलले?" बशीरभाईंनी विचारलं.

"मले वाटलं, डोळ्यात दवाई टाकेल हाय म्हून मलेच कोंबडी दिसून नाई राहिली. घरी गेल्यावर पोरीले इचारलं. तिलेबी नव्हती दिसली."

कोणी हसलं नाही. नत्थुजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बोलू लागले.

"मी फौजेत ड्रायवर होतो. एकाहत्तरच्या डिसेंबरात आमी पठानकोटच्या बाजूले होतो. एक दिवस साहेबानं दोन गाड्याच्या मधात चादर बांधली आन हा पिच्चर लावला. इंग्रजी कोनाले समजते? पन त्यात एक पोरगा होता. कोवळा, मिसरूड न फुटेल. त्यानं कोटात कोंबडी लपवेल होती. सगळे उपाशी, पन तो कोनाले कापू देत नव्हता. साहेब झडती घ्यायले आला. पोरगा असा ताठ उभा. कोटातून कोंबडी हालून राहिली. आमी सगळे श्वास धरून. आन तेवढ्यात शिट्टी झाली."

"पिच्चरमध्ये?" बशीरभाईंनी विचारलं.

"नाई. आमची. चादर सोडली, आन ज्या गाड्याले बांधली होती त्याच गाड्यात बसून आमी बॉर्डरवर गेलो." नत्थुजी थांबले. "माह्या बाजूले हरियाण्याचा एक जन बसेल होता. तो म्हने, वापस आलो की पुढचा पाहू. तो नाई आला वापस. मी आलो, पन तो पिच्चर पुन्हा कुठं दिसला नाई. नाव मालूम असतं तं इचारलं असतं. पन्नासाच्या वर वर्सं झाले. त्या पोराचं काय झालं, हे डोक्यातून जात नाई. परवा पोरगी पेपर वाचून दाखवत होती, जुना लढाईचा पिच्चर, पयल्या महायुद्धातला. फोटोत तो पोरगा दिसला. खाली लिहेल होतं, खुशालराव सर कादंबरीवर बोलतीन. म्हून आलो. सांगा, सर. काय होते त्याचं?"

खुशालरावांच्या तोंडात ते दोन पाठ केलेले शब्द आले. जिभेच्या टोकापर्यंत आले. समोरचा माणूस पुढं वाकून बसला होता. काळ्या काचांमागचे डोळे दिसत नव्हते. साधनाताई दाराला टेकून उभ्या होत्या.

"नत्थुजी," खुशालराव म्हणाले, "मी ते पुस्तक वाचेल नाही. तीस पानं वाचली. बाकी सगळ्या थापा होत्या. काल बी, अन् त्याच्या आधीच्या बत्तीस वर्षांत बी."

बशीरभाई घाईनं म्हणाले, "मीबी त्यातलाच हाय. मी ठिपका पाहेला."

नत्थुजींना ठिपक्याचं काही कळलं नाही. त्यांनी थोडा विचार केला. "पुस्तक हाय ना घरात?"

"हाय."

"मंग आता वाचा. मले कुठं जायचं हाय? डाक्टरनं आठ दिवस हिवरखेडले जायले मना केलं."

नगमाला खरा सिनेमा दोन दिवसांत मिळाला. पण पडद्यासमोर तीन तास बसल्याबद्दल डॉक्टरांनी नत्थुजींना आधीच फैलावर घेतलं होतं. म्हणून पुस्तकच सुरू झालं. रोज सकाळी चहा झाला की खुशालराव ओट्यावर बसून वाचत आणि पानापानाचं वऱ्हाडीत सांगत. सार्जंट लंबू नव्हता, बुटका होता. चिखल दीडशे पानं होता. कोंबडी एकशे अठराव्या पानावर आली तेव्हा बशीरभाईंनी टाळी वाजवली आणि हलीमाबींना फोन करून कळवलं. आता रोज संध्याकाळी बशीरभाईंना घरी जाऊन स्टोरी सांगावी लागत होती. साधनाताई तूर निवडायला सूप घेऊन बसत, पण दुसऱ्या दिवसानंतर सूप हललंच नाही. खुशालरावांना मध्ये पाणी प्यायला उठायची आठवण राहिली नाही. सहाव्या दिवशी पौर्णिमा सुट्टीची म्हणून आली. खुशालरावांनी तिलाही खरं सांगितलं. ती लाल झाली आणि म्हणाली, "सर, मी पन्नासाव्या पानापर्यंतच गेले होते."

आठव्या दिवशी शेवटची दहा पानं राहिली. साहेबाच्या झडतीतून तो पोरगा सुटला होता. कोंबडीनं अंडं दिलं होतं, ते साहेबानंच खाल्लं होतं. खुशालराव वाचत होते, सांगत होते आणि मध्येच थांबले. त्यांचे डोळे पुढच्या ओळींवरून गेले, परत वर आले, पुन्हा गेले.

"काय झालं?" नत्थुजींनी विचारलं.

एखादा शब्द इकडचा तिकडं केला तर कोणाला कळणार होतं? इंग्रजी फक्त खुशालरावांना वाचता येत होती. पौर्णिमा त्या दिवशी बँकेत होती.

"पोरगा मरते, नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "त्याले रसदीच्या गाडीवर पाठवते. पुलापाशी गाडीवर गोळा पडते."

नत्थुजींनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा अजून लालसर होता. ते बराच वेळ फाटकाकडं पाहत राहिले.

"गाडीवर," ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "बरं झालं तवा शिट्टी झाली. हे पाहून घेतलं असतं तं मी गाडी चालवलीच नसती."

साधनाताई उठून आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. नत्थुजी ते सगळं प्यायले.

"आन कोंबडी?" बशीरभाईंनी बिचकत विचारलं.

खुशालरावांनी पानं उलटली. शेवटचं पान वाचलं. मग मागची चार पानं, मग पुन्हा शेवटचं. बोट ओळीओळीवरून फिरवलं.

"कोंबडीचं पुढं काही लिहेल नाही," ते म्हणाले.

"नीट पाहेलं?" नत्थुजींनी विचारलं.

"दोनदा पाहेलं."

"मंग ते वाचली," नत्थुजी म्हणाले आणि चष्मा लावून उठले. "मेली असती तं लिहिलं असतं."